गळ्याइतका खोल टब
स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मुंबईत साहेबाच्या बंगल्यावर मी टब पाहिला आणि निर्मळ गावातल्या आमच्या घरची न्हाणी मला एकदम गावंढळ वाटू लागली. दगडावर बसून अंघोळ करायची आणि पाणी मोरीतून थेट मागच्या केळींना! मी तो दगडच काढून टाकला.

जुन्या सामानाच्या दुकानात दोन टब होते. न्हाणी लहान आहे म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, उथळ घ्या, तो आकारानेही लहान आहे. मी बूट काढून दोन्हींत बसून पाहिलं. खोल टबाची कड गळ्याशी आली, तोच घेतला. बैलगाडीतून आणला तेव्हा शेजारी बघायला जमले आणि मी मूर्खासारखा फुशारलो.

पहिल्या रविवारी आईने टब भरून ठेवला. मी गळ्यापर्यंत पाण्यात बसलो आणि आतूनच ओरडलो, "आई, अजून थोडं गरम आण!" तिने आणलं. ओतताना तिचे तळवे दिसले, विहिरीच्या दोराने सोललेले. टब घेताना मी माझा गळा मोजला होता, तिच्या घागरी नाही. तेव्हाच उठायला हवं होतं. मी बसून राहिलो.

टबाखाली मोरीचं तोंड बुजलं होतं. केळींना पाणी जाईना, म्हणून माझी अंघोळ झाल्यावर आई वाकून बादलीने टब उपसू लागली. भरलेली बादली घेऊन ती माझ्या शेजारून गेली तेव्हा अंगणात थोडं पाणी सांडलं. नुकत्याच धुतलेल्या पायांना चिखल लागू नये म्हणून मी बाजूला सरकलो.