काळा रुपया, उजळलेला रुपया

माझ्या थोरल्या साडूने मला फसवलं. सासूबाईंच्या देखत, जेवणाच्या पाटावर, आणि तेही मीच शिकवलेल्या विद्येने.

जुनी नाणी हा माझा धंदा. त्र्यंबकेश्वरला देवळाच्या वाटेवर गोणपाट अंथरून तांब्याच्या अंगठ्या आणि रुद्राक्ष विकत मी सुरुवात केली. हरसूलच्या बाजारात कुणी पदराच्या गाठीतून जुनं नाणं सोडलं की घासाघीस करून घ्यायचो. आज नाशकात सराफ बाजारामागे माझं दुकान आहे आणि त्यात दुसऱ्या कुणाचा पैसा नाही. साडू शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून दुकानात येऊन बसायला लागले. घरातला माणूस, म्हटलं शिकू दे.

सगळ्यात आधी शिकवलं ते मुलामा ओळखणं. गिऱ्हाईक चमक पाहून हरखतं, आपण चमक पाहून सावध व्हायचं. वजन बघा, आवाज ऐका, पण तिथे थांबू नका. नाणं मुळात चांदीचं असेल आणि वरून पुन्हा चांदीचं पाणी चढवलं असेल, तर दोन्ही खरेच येतात. मग झीज बघायची. राणीछाप रुपयावर राणीचे केस सपाट झालेत, गाल घासलाय, आणि तरी रुपया कालच टांकसाळीतून आल्यासारखा लखलखतोय, असं होत नाही. शेकडो हातांतून फिरलेल्या नाण्याची चमक आधी जाते, केस नंतर. अक्षरांच्या कडाही बघायच्या. मुलाम्याखाली त्या मऊ होतात, वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या. आणि पूजेतला रुपया असेल तर खोबणीत हळदकुंकू घट्ट बसलेलं असतं. ते एका दिवसात बसत नाही.

साडूंनी सगळं ऐकून घेतलं. पुढे ते नाण्यांच्या प्रदर्शनांत भाषणं द्यायला लागले. ती साबणाची वडीसुद्धा माझीच वापरतात. लोक त्यांना ‘सर’ म्हणतात. मला म्हणतात, ‘शेठ, शेवटचा भाव बोला.’

आमची सासुरवाडी ओझरची. गोणपाटावर बसणाऱ्याला मुलगी द्यायला सासरे तयार नव्हते, आणि लग्नानंतरही बरीच वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. लक्ष्मीपूजनाला ते दोन राणीछाप रुपये मांडायचे, त्यांच्या आईकडून आलेले. काळसर, कलतं धरलं की निळी झाक मारणारे. एका दिवाळीत त्यांवर कुंकू वाहताना ते म्हणाले, “एक थोरल्याचा, एक धाकट्याचा.” त्या घरात मला साडूंच्या बरोबरीने मोजलं ते तेवढंच. मी दिसेल त्या नाण्याचा भाव करणारा माणूस, पण त्या दोन रुपयांबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. वाट बघितली.

सासरे गेले. मागच्या अधिक महिन्यात सासूबाईंनी दोघा जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. साडूंचा पाट पंख्याखाली. त्यांच्या धोंड्यावर तूप दोनदा पडलं, माझ्या एकदा. अशा गोष्टी मला दिसतात, काय करू? मग वाण आलं. अनारसे, दिवा आणि एकेक रुपया. साडूंच्या हातावर काळा. माझ्या हातावर लखलखता.

भिंग लागलं नाही. केस सपाट, गाल घासलेला आणि वर आरशासारखी चमक. खोबणीत कुंकवाचा कण नाही.

“आई, रुपये पॉलिशला कुणी नेले होते?”

“थोरल्या जावयांनी. काळेकुट्ट पडले होते. वाण देताना बरं दिसायला नको?”

“मग त्यांचा काळा कसा राहिला?”

“अहो, तेच तर!” सासूबाईंचा चेहरा फुलला. “सोनाराकडे गर्दी होती, एकच झाला. तर म्हणाले, उजळलेला धाकट्यांना द्या, मला काळा चालेल. मन बघा केवढं!”

साडू मान खाली घालून अनारसा मोडत होते. “असू द्या हो आई. साडूभाऊंना चकचकीत आवडतं.”

“साडूभाऊ, माझ्याकडे बघून बोला. हे पाणी चढवलेलं आहे, कळतंय ना तुम्हाला?”

“चांदीवर चांदीच आहे की. कमी काय झालं?”

मी उठलो. ताट लवंडलं, तूप बायकोच्या साडीवर.

“अहो, बसा खाली,” ती दातओठ खात म्हणाली. “माझ्या आईच्या घरात दुकान मांडू नका.”

सासूबाईंचे डोळे भरले. “थोरले, द्या हो त्यांना तोच. त्यांना दोन्ही हवे असतील तर दोन्ही द्या.”

आणि साडूंनी खरंच हात पुढे केला. तळहातावर काळा रुपया. सगळं घर बघत होतं. मी तो घेतला असता तर जन्माचा हावरा ठरलो असतो. नाही घेतला, तर नुसता भांडकुदळ. मी घेतला नाही.

मुलामा उतरवता येतो. पण पाणी चढवण्याआधी घासून काढलेला तो जुना रंग पुन्हा येत नाही, आणि सासऱ्यांनी वाहिलेलं कुंकूही येत नाही. साडूंनी त्यांचा रुपया परवाच्या प्रदर्शनात निळ्या मखमलीवर मांडला होता. खाली चिठ्ठी: ‘मूळ स्थितीत. सासऱ्यांची आठवण.’ मी गर्दीत उभा राहून पाहिला. अक्षरांत तांबूस कुंकू होतं. साडू एका बाईंना सांगत होते, “चमक पाहून सावध व्हायचं.” मला रागापेक्षा हेवाच जास्त वाटला.

साडूभाऊ, सोनाराकडे गर्दी होती की नव्हती ते मला सांगू नका. मला ठाऊक आहे. सासूबाईंना सांगा. त्यांच्यासमोर दोन्ही रुपये ठेवा आणि सांगा की चांदीच्या पाण्यात बुडवल्यावर नाणं कायमचं बिघडतं हे तुम्हाला माहीत होतं. मग सांगा, बुडवायला माझंच का निवडलंत. मी ओझरला यायला तयार आहे. दिवस तुम्ही ठरवा. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. उत्तर मात्र तुमच्या तोंडून, त्यांच्या कानावर पडलं पाहिजे.