मामांनी उचललेला भंडारा

लाइनवर गाडीचं दार लावून झालं की मामा डोळे मिटायचे. दार आणि चौकट यांच्या फटीतून अंगठ्याचं नख वरून खाली फिरवायचे आणि म्हणायचे, "बसलं न्हाई." शेजारी मोजमापाचं यंत्र हिरवा दिवा दाखवत असायचं. इंजिनियर चिडायचा, पुन्हा मोजायचा, आणि बिजागरीपाशी केसाएवढा फरक निघायचाच. "मिशीन खोटं बोलत न्हाई," मामा त्याची समजूत घालायचे, "त्येला घाई असती येवढंच."

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पौडच्या स्टँडवर कंपनीच्या बसची वाट बघत उभे असायचे. कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर पिवळाजर्द भंडारा. गाव मुठा खोऱ्यातलं, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. अख्खी लाइन त्यांना मामा म्हणायची आणि ते मला सायेब म्हणायचे. मी प्रशिक्षण विभागात होतो.

आमच्या कंपनीनं परदेशातली एक जुनी, नावाजलेली मोटार कंपनी विकत घेतली तेव्हा कँटीनमध्ये पेढे वाटले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'आता आपण एक कुटुंब.' मामांनी मला विचारलं, "म्हंजी सोयरीक झाली म्हना की."

"तसंच काहीसं."

"मंग येकदा त्यांच्या घरी जाऊन याया पायजे. रीत हाय."

सगळे हसले. पण दोन महिन्यांनी मामा खरंच निघाले. त्या गाड्यांची ख्याती दाराच्या आवाजासाठी होती. दार लोटलं की हलका, भरीव आवाज यायचा, बस्स. ती कला तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरच्या हातात होती. मामांनी ती शिकून यायची, मी दुभाष्या.

निघण्यापूर्वी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "तिथला कारखाना सहा महिन्यांत बंद करतोय. साचे, यंत्रं सगळं इकडे येईल. हात तेवढे कंटेनरमध्ये घालता येत नाहीत, म्हणून तुम्ही जाताय. मामांना बोलू नका, त्यांच्या पोटात राहायचं नाही." मी मान डोलावली. मला परदेश बघायचा होता. याहून मोठं कारण आजही सापडत नाही.

विमानतळावर मामांच्या कमरेची भंडाऱ्याची पिशवी निघाली. अधिकारी पिवळी पूड हुंगून बघायला लागला. "हळद आहे," मी सांगितलं. मामा माझ्यावर उखडले. "हळद घरात. हितं द्येव हाय. नीट सांगा त्येला."

त्या थंड गावात मामांचं आणि त्या म्हाताऱ्याचं पहिल्या दिवसापासून जमलं. एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण म्हाताऱ्यानं दार लावलं, डोळे मिटले आणि फटीतून नख फिरवलं, तेव्हा मामांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. "बघा की! आपल्यातलाच हाय." तीन आठवडे म्हाताऱ्यानं सगळं दाखवलं, एक सोडून. शेवटचा हात तो आमच्याकडे पाठ करून मारायचा. लाकडाचा एक ठोकळा बिजागरीखाली कुठंतरी लावून, खांद्यानं दार उचलून काहीतरी करायचा, आणि मग तो आवाज यायचा.

एक दिवस त्यानं मला थेट विचारलं, हे शिकून घेतल्यावर तुम्ही आमचा कारखाना बंद करणार का. मी ते मराठीत सांगितलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "करनार हायेत का, सायेब?"

"नाही."

"नक्की न्हवं?"

"नाही म्हटलं ना, मामा."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. म्हाताऱ्याच्या तेलकट तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवला, त्याच्यावर आपला हात झाकला. "बेल काय हितं मिळायचा न्हाई. पर भंडारा उचलून सांगतुया, तुमची चूल आमी इझवनार न्हाई. सांगा त्येला."

आमच्याकडे बेलभंडारा उचलला की विषय संपतो. मग भावकीतले वैरीही पुढचं बोलत नाहीत. हे म्हाताऱ्याला कळावं म्हणून मी फार मन लावून भाषांतर केलं. इतकं सुरेख मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यानं मामांना आपल्या जागी उभं केलं आणि ठोकळा त्यांच्या हातात दिला.

सात महिन्यांनी कंटेनर आले. फोडायला मामाच होते. एका खोक्यात साच्यांबरोबर तो ठोकळा निघाला. म्हाताऱ्यानं त्यावर आपली आद्याक्षरं डागून काढली होती. मामा तो घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"कवापास्नं?"

"निघायच्या आधीपासून."

मला वाटलं, थुंकतील. तेवढीही किंमत त्यांनी मला दिली नाही. दुसऱ्या दिवशी ते कोऱ्या कपाळानं कामावर आले. लाइनवर कुणी विचारलं की म्हणायचे, "खोटा उचललाय. त्यो माणूस मोकळा करील तवाच लावीन." आठवडाभरानं माझ्याकडे आले. "येक पत्र लिवा. खरं काय ते लिवा. मला ठावं नव्हतं, आन् तरीबी चूक माजीच, भंडारा माजा व्हता. माफी मागा."

मी हो म्हणालो. लिहिलं नाही, धाडलं म्हणून मात्र सांगितलं. कंपनीच्या विरुद्ध असं काही कागदावर यावं, ही मला भीती. तेव्हा म्हाताऱ्याच्या घरचा पत्ताही सहज मिळाला असता.

मामा रोज बसमधून उतरताना विचारायचे, "आलं का?" महिना गेला, दोन गेले. ते कोरं कपाळ मला बघवेना. शेवटी एक दिवस मी म्हणालो, "आलं."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "काय म्हनतुय?"

"म्हणतो, तुमचा दोष नाही. मनात काही नाही."

"आनी?"

मला तिथं थांबता आलं असतं. पण मी म्हणालो, त्यानं मागच्या अंगणात भाजी लावलीये. गुडघा दुखतो. तुमची आठवण काढतो. बोलता बोलता मला रंग चढला होता. स्वतःची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मामा रडत होते, आणि मी म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर उपाय सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी कपाळ पुन्हा पिवळं. पुढच्या रविवारी घरी देवाचा जागर घातला. मला पुढं बसवलं. मामींनी माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळं मोकळं झालं बगा." मी पोटभर जेवलोसुद्धा.

निवृत्त होताना मामांनी माझ्याकडे एक घोंगडी दिली. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची. "तितं लई थंडी. त्येच्या गुडघ्याला हुईल. धाडाल न्हवं?" म्हटलं, धाडतो. कपाटात वरच्या कप्प्यात टाकली. मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी जाऊन आलो. मामी म्हणाल्या, शेवटपर्यंत विचारत होते, घोंगडी पोचली का.

तेव्हा कुठं मी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, खोट्या उत्तरासकट. घोंगडीत ठेवलं, शिवलं, आणि पौडच्या पोस्टात दिलं. माझ्यापाशी पत्ता एकच उरला होता, त्या कारखान्याचा. जुने सगळे पांगले होते. वाटलं, कुणी तरी फाटकावर असेल, पोचवील.

मागच्या आठवड्यात पार्सल परत आलं. वर परक्या भाषेतला छापील शिक्का, असा कारखाना या पत्त्यावर नाही. शिवण जशीच्या तशी होती. टेबलावर ठेवलं तर खोलीभर मेंढरांचा वास सुटला.