बाकावरून निघणारी पेटी

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी आक्काचा फोन आला. घरावर दरड आली होती. दाजी घरात होते. ती बाहेर होती. "पेटी माझ्यापाशी हाय," ती म्हणाली.

मी राहतो त्या जांब्याहून आक्काच्या गावी, मुठ्याला पोहोचलो तेव्हा आक्का शाळेच्या व्हरांड्यात बसलेली होती. मांडीवर हत्यारांची पेटी होती. बायका तिला चहा घे म्हणत होत्या, पेटी खाली ठेव म्हणत होत्या. ती दोन्हीला नाही म्हणत होती. दाजी सापडले ते दुसऱ्या दिवशी, पाऊस उघडल्यावर. त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा, त्यांना श्रद्धांजली वाहायचा कार्यक्रमही झाला. त्या दिवशी बोलायला उभा राहिलो आणि मला काही बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून आलेला त्यांच्या वस्तीतला तो पहिला माणूस. शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांचे बंगले खोऱ्यात होऊ लागले, तशी दाजींना दारं-खिडक्यांची कामं मिळू लागली. घराच्या मागच्या पडवीत त्यांनी सुतारकामासाठी ऐनाच्या लाकडाचा बाक बांधला. घरातून त्या पडवीत जायला छातीएवढ्या उंचीचं एकच दार होतं आणि बाक आतच जोडलेला, त्यामुळे तो पुन्हा कधी बाहेर निघणार नव्हता. त्याच्यावर सगळं काम उभ्यानं चालायचं. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला, अविवाहित, सुट्टीला जायला मला तेवढं एकच घर. पडवीच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसायचो. दाजी रंधा मारता मारता विचारायचे, "काय म्हणतंय पुस्तक, पाव्हणं?" आणि मी सांगू लागलो की थोड्या वेळानं म्हणायचे, "एवढं लिवायला त्याला किती येळ मिळाला आसंल..." त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे मला कधी कळलं नाही.

पडवीच्या मागे लगेच डोंगर सुरू होतो. एका पावसाळ्यानंतर तिथे भेग दिसली, गवतात, हात जाईल एवढी. तपासणीला सरकारी माणसं आली, बघून गेली. जोराचा पाऊस लागला की शाळेत जाऊन राहा, असं सांगून गेली. दाजींनी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि वरून या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत बरोबर बसेल अशी पट्टी कापून ठेवली. पुढच्या वर्षी ती पट्टी आखूड पडली. त्यांनी लांब पट्टी कापली.

त्याच सुमारास पडवीचं दार घासू लागलं. पावसानं लाकूड फुगतं, असं मला वाटलं. दाजींनी चौकटीच्या कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावून दाखवला. काटकोन राहिला नव्हता. गुण्या आणि लाकूड यांच्यामध्ये खालच्या अंगाला उजेड दिसत होता. "चौकट हललीया," ते म्हणाले, आणि दार उतरवून त्याची कड तासायला घेतली. आक्का भाकरी थापायची सोडून बाहेर आली.

"दार तासून डोंगर थांबतुया व्हय?"

"डोंगर न्हाई थांबत. दार तर लागतंय."

तेव्हापासून दर पावसाळ्यात ते दार थोडं तासत गेले. शेवटी शेवटी ते एका बाजूला चांगलंच निमुळतं झालं होतं, पण लागायचं.

आक्काला ते घर कायमचं सोडायचं होतं. माझ्याकडे जांब्याला दोन खोल्या आहेत, कंपन्यांतली मुलं भाड्यानं राहतात त्या इमारतीत. तिथे या, असं मी कितीदा म्हटलं. दाजी हसायचे. तिसऱ्या मजल्यावर रंधा मारला तर खालचे सगळे वर येतील, म्हणायचे. भेग दिसल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात शाळेत जायची वेळ आली तेव्हा फार हाल झाले होते. हत्यारं सगळीकडे होती... भिंतीच्या खिळ्यांवर, डब्यांत, बाकाखाली. दाजींनी ती एकेक शोधून पोत्यात भरली. पोत्यात पटाशांच्या धारा एकमेकींवर आपटून गेल्या, करवतीला गंज चढला. पोतं भरेपर्यंत आक्का दारात भिजत उभी. त्या रात्रीनंतर तिनं सांगून टाकलं, की पुढच्या पावसाला मी इथं नसणार, तुमी या नाहीतर नका येऊ.

तिच्या या बोलण्याला दाजींनी दिलेलं उत्तर म्हणजे ती पेटी. शिवणाच्या लाकडाची, वर धरायला मूठ. आत प्रत्येक पटाशीला तिचं घर, रंध्याला कप्पा, करवतीला फट. बाकाच्या अंगाला त्यांनी वरची कड तिरपी कापलेली एक पट्टी ठोकली होती. पेटीच्या पाठीला तशीच, पण उलटी. पेटी नुसती अडकवायची, स्वतःच्या वजनानं ती घट्ट बसायची. कितीही ठोकाठोक केली तरी हलायची नाही, आणि वर उचलली की लगेच सुटायची. ना खिळा, ना स्क्रू. "उचला की, पाव्हणं," ते म्हणाले. मी उचलली. "बगा. येवढाच येळ." त्यांना इतकं खूश मी क्वचित पाहिलं असेल. आक्कानंही उचलून पाहिली आणि मग घर सोडायचा विषय तिनं सोडून दिला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात शाळेत जायचा सांगावा आल्यावर ते लगेच निघाले नाहीत. पडवीत पाणी आलं तेव्हा निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी पाणी आलं तरी थांबले, डोंगरावरून दगड सुटल्याचा आवाज आला तेव्हा निघाले. फोनवर मी चिडलो तर म्हणाले, "आवो, पेटी उचलायची आन् चालाय लागायचं. आदीसारकं न्हाई आता." त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, हे खरं आहे.

यंदा पोलीस पाटलांनी संध्याकाळीच वस्ती खाली करायला सांगितली. शेजारचे गेले. दाजी म्हणाले, सकाळी बघू. पहाटे पडवीचं दार उघडेना. ढकलून उघडलं तर पलीकडे पडवीत चिखल शिरला होता. मग दाजींनी पेटी काढली, आक्काच्या हातात दिली आणि तिला पुढं व्हायला सांगितलं. ती निघाली. पुढच्या दाराची पायरी उतरून तिनं घरातून मागं पाहिलं तेव्हा ते पडवीत बाकापाशीच उभे होते, कौलांतून बाकावर पाणी गळत होतं तिकडे बघत.

"यावर ताडपत्री टाकून आलोच," ते म्हणाले.

आक्का हे मला नीट सांगू शकली ती परवा, भाजी निवडताना, मी विचारलेलं नसताना. मग म्हणाली, "पेटी केली तवा मला वाटलं, ह्यो माणूस निगायला तयार झाला. त्यो तर ऱ्हायला तयार झाला हुता..."

तिनं पुन्हा भाजी निवडायला घेतली.

आक्का आता माझ्याकडे राहते. बाक मातीखाली आहे. पेटी तिच्या कॉटखाली आहे. मी एकदा हत्यारांना लावायला तेल आणलं होतं, तर ती राहू दे म्हणाली. रंधा, करवत, गुण्या, सगळं आपापल्या कप्प्यात आहे. पटाशांना गंज धरला आहे.