कवडीच्या कानाजवळची घुगरी

ओढा ओलांडून दोघी चढाला लागल्या तेव्हा तीन किलोमीटर चालून झालं होतं आणि चार उरलं होतं. राजनंदिनीताईंनी चपला काढून हातात घेतल्या. काळ्या चिखलाचे थर बसून त्या इतक्या जड झाल्या होत्या की त्यापेक्षा अनवाणी बरं. दिपा दहा पावलं पुढं होती. ओढणी कमरेला खोचलेली, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मुठीत धरलेला, आणि मागं वळून बघायचं नाव नाही.

"ताई, दम लागला तर बसा," ती पुढूनच म्हणाली. "सोमवार हाय तुमचा. पण मला अकराच्या आत मारुतीच्या पारावर पोचायचं हाय."

"तू चाल गं. नागनाथाचं नाव घेत येते मी मागून."

"नाव मनात घ्या. तोंडानं घेतलं की दम जातो."

ताईंना हसू आलं. श्रावणातल्या सोमवारी जप कसा करावा हे विशीतल्या पोरीनं शिकवावं, आणि ते बरोबरही असावं!

दिपाचा तांडा डोंगराच्या खोबणीत आहे. पन्नास-साठ घरं, एक शाळा, सेवालाल महाराजांचं एक मंदिर. तिथं मोबाईलला रेंज नाही. डोंगरकडा गावाच्या वाटेवर मारुतीचा पार आहे, त्या पाराच्या उत्तरेच्या कोपऱ्यावर बसलं की तीन काड्या येतात. तांड्यातल्या पोरांचे परीक्षेचे निकाल, बायांचे माहेरचे फोन, सगळं त्या कोपऱ्यावर. आज अकराला दिपाला तिथंच पुण्याच्या माणसाशी बोलायचं होतं.

पुण्यात डिसेंबरात एक मेळा भरणार होता. अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनच्या शौकिनांचा. तिथं पोरंपोरी त्या कार्टूनांसारखे कपडे घालून येतात, चित्रं विकतात, दोन दिवस दंगा करतात. त्या मेळ्याला एक मॅस्कॉट हवा होता. जसं संमेलनाला बोधचिन्ह असतं तसं, फक्त हे हसतं-बोलतं पात्र. भारतातलं वाटलं पाहिजे आणि जपानी कार्टूनमधलंही, एवढीच अट. देशभरातून चारशेच्या वर चित्रं गेली. त्यात निवडून आली दिपाची 'कवडी'.

कवडी म्हणजे दहा वर्षांची लमाण पोर. मोठाले डोळे, आरशांची ओढणी, आणि धान्याच्या गोण्या लादलेल्या बैलाच्या पाठीवर मांडी घालून बसलेली. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणत. ही पोर त्या लदेणीत सगळ्यांच्या पुढं. दिपानं ती बोटानं काढली होती, तडा गेलेल्या मोबाईलवर. उन्हाळ्यात बोटाला घाम येऊन रेघ घसरायची, म्हणून ती दर चार रेघांनी बोट राखेत बुडवून पुसायची.

ही बातमी सगळ्यात आधी लिहिली ती राजनंदिनीताईंनी. त्या हट्टा गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. हिंगोलीच्या एका साप्ताहिकात वीस वर्षं लिहितात. 'तांड्याच्या गरीब लेकीची पुण्यात भरारी', तिसऱ्या पानावर, रंगीत चित्रासह. अंक गुरुवारी निघाला. रविवारी दिपाचा निरोप आला, "ताई, चित्र चुकलंय. या."

ताईंना वाटलं छापखान्यानं रंग बिघडवला. आज सोमवारी सकाळी दुधाच्या गाडीवर बसून त्या तांड्यात गेल्या आणि दिपाच्या आजीपुढं, रुख्मिणीबाईपुढं, हात जोडूनच उभ्या राहिल्या.

"तू काहून हात जोडतीस?" म्हातारी म्हणाली. "तुला दिलं तसं तू छापलंस."

रुख्मिणीबाईच्या अंगावर अजून जुना पेहराव असतो. तांड्यात आता अशा तिघीच उरल्यात. केसांत गुंफलेली, कानांजवळून खाली लोंबणारी चांदीची घुगरी चालताना वाजते. दिपानं कवडी काढली ती या म्हातारीला समोर बसवून. ओढणीचा एकेक आरसा मोजून काढला. घुगरीही काढली, अगदी मण्यासकट.

शाळेच्या गुरुजींनी पेपर आणून दिला तेव्हा म्हातारीनं तो हातभर लांब धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "हिचं लगीन कवा केलंस?"

दिपा हसली. तिला थट्टा वाटली.

"घुगरी लगीन झालेली बाई घालती, छोरी. पोरीला न्हाई घालत."

दिपाला हे खरंच माहीत नव्हतं. कसं असणार? तिच्या आईनं घुगरी कधीच सोडली. तीजेला तांड्यातल्या पोरी रील काढायला भाड्यानं अख्खा संच आणतात आणि त्यात असेल ते सगळं अंगावर चढवतात. त्यामुळं दिपाच्या पिढीला घुगरी म्हणजे नुसता दागिना. म्हाताऱ्या बघतात, जीभ चावतात, पण सणाच्या दिवशी पोरींना काय बोलायचं, म्हणून गप्प बसतात. यावेळी मात्र चित्र पेपरात आलं होतं.

"नऊ वरसांची व्हते मी," रुख्मिणीबाई म्हणाली. "बैलावर बसवूनच आणलं मला. घुगरी इतकी जड, मान उचलंना. रात्रभर रडले. हे तू माझंच चित्र काढलंस बग. बराबर काढलंस. आता पुसून टाक."

म्हातारीनं हे सकाळी ताईंना पुन्हा सगळं सांगितलं, आणि सांगताना दिपा दाराच्या चौकटीला नखानं खरवडत उभी होती.

कारण दिपाचंही एक लगीन होता होता राहिलं होतं. बारावीला होती तेव्हा पुसदकडचे पाहुणे आले. बाप प्रेमदास तसा कडक नव्हे, पण ऊसतोडीला जाताना तरणी पोर कुठं ठेवायची, हा घोर त्याला दर दिवाळीला लागायचा. दिपानं चहाचा ट्रे आणला, त्यात कपांच्या मधोमध शाळा सोडल्याचा दाखला ठेवलेला. "मामा, चहा घ्या आणि माझी जन्मतारीख बी वाचा," ती म्हणाली. "अठराला चार महिने कमी हायत. वाचता येत नसंल तर मी वाचून दाखवते." पाहुण्यांनी चहाही घेतला नाही. पुढं वर्षभर तांड्यातल्या बाया पाण्यावर भेटल्या की विचारायच्या, "काय वकिलीणबाई, आज कुणाचा दाखला तपासला?" ती म्हणायची, "तुमच्या सुनेचा आणा, तपासते." आता ती कळमनुरीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आणि त्याच पोरीनं दहा वर्षांच्या कवडीचं लगीन लावून दिलं होतं, देशभर.

चढ संपला. पलीकडं सोयाबीनचे पट्टे हिरवेगार पसरले होते.

"ताई, मी झोपलेच न्हाई काल," दिपा पहिल्यांदाच थांबली. "मेळ्यावाल्यांनी चित्र टाकल्यापासून लोक कवडीची चित्रं काढून राहिले. कोची, गुवाहाटी, कुठून कुठून. लई चांगली काढतात. पण दर चित्रात घुगरी मोठी व्हत चाललीय. एकानं तर घुगरीतून विजा काढल्या."

"मग सांग त्यांना."

"शनवारीच मेल केला. नवं चित्र बी जोडलं. म्हणले, सोमवारी बोलू."

पारावर पोचल्या तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. कोपऱ्यावर एक गुराखी म्हातारा बसला होता. दिपा म्हणाली, "बाबा, तेवढी रेंज द्या." म्हातारा उठून सावलीत गेला. ताईंनी मारुतीला नमस्कार केला आणि काय मागावं ते न सुचून नुसत्याच उभ्या राहिल्या.

फोन वेळेवर आला. पडद्यावर रुद्र, मेळ्याचा व्यवस्थापक. पंचविशीतला, हसरा.

"दिपा! अगं कवडी तुफान चाललीये!"

"घुगरी काढली का, दादा?"

"त्यावरच बोलायचंय. बघ, टी-शर्टची छपाई झालीये. कवडीचा अख्खा पोशाख तयार होतोय, माणूस आत शिरून फिरणार तो. आणि खरं सांगू? ते कानाजवळचं झुंबर लोकांना सगळ्यात जास्त आवडलंय."

"झुंबर न्हाई ते. लगीन झाल्याची खूण हाय."

"कळलं मला. मेल वाचला. पण बघणाऱ्याला कुठं कळतंय?"

"माझ्या दादीला कळलं. पेपरात तीन बोटांएवढं चित्र व्हतं, आणि तिच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय."

रुद्र म्हणाला, "एक करता येईल. आपण तिचं वय वाढवू. दहाच्या ऐवजी अठरा लिहू. प्रश्न मिटला."

दिपानं ताईंकडं बघितलं. ओठ घट्ट मिटून ती हसू दाबत होती की काय कोण जाणे.

"म्हंजे लगीन तसंच ठेवायचं आणि वय वाढवायचं. आमच्याकडं बी असंच करतात, दादा. दाखल्यावर."

गुराखी म्हातारा सावलीतून मोठ्यानं हसला.

"दिपा, मी तुझ्या बाजूनंच बोलतोय. पण नियम वाचून तू संमती दिलीयेस. चित्राचे हक्क आता आमचे आहेत."

"चित्र तुमचं, खरं हाय. खाली नाव माझं हाय. तुमी बदललं न्हाई तर मी माझ्या पेजवर दोन्ही चित्रं टाकीन. जुन्यावर फुली मारून. लिवीन, मी चुकले, ही दहा वरसांची पोर हाय, हिला घुगरी घालू नका. ज्यांनी काढली त्यांनी बी पुसा."

"मग अवघड होईल." रुद्रचा आवाज आता सरळ झाला. "वाद झालेलं पात्र आम्हाला चालणार नाही. तुझी निवड रद्द करून दुसऱ्या नंबरचं चित्र घ्यावं लागेल. मेळ्यातलं तुझं टेबल जाईल. चित्र काढायचा टॅब पाठवलाय, तो परत द्यावा लागेल. मला हे नकोय गं. एक दिवस विचार कर."

तो टॅब घरात आठ दिवसांपूर्वी आला होता. दिपानं अजून त्याच्या काचेवरचा कागद काढला नव्हता. डिसेंबरच्या टेबलावर मांडायला तिनं बारा चित्रांची यादी करून ठेवली होती. हे ताईंना माहीत होतं, आणि एक क्षण त्यांना वाटलं, दिवस घे पोरी, घे.

"दिवस कशाला?" दिपा म्हणाली. "टॅब उद्या डोंगरकड्याहून पोस्टानं पाठवते. पत्ता टाका. पण पेजवर मी आजच टाकणार, रेंज हाय तोवर."

"दिपा..."

"दादा, तुमचा राग न्हाई मला. दुसऱ्या नंबराच्या पोरीला माझ्याकडून शाब्बास म्हणा."

फोन बंद झाला. तिथंच बसून तिनं दोन्ही चित्रं टाकली. लाल फुली मारताना रेघ वाकडी गेली. तिनं ती पुसून पुन्हा मारली, सरळ. नव्या चित्रातली कवडी तीच होती, कानांजवळ नुसते वाऱ्यावर उडणारे केस. मान वर केलेली.

चित्र वर चढायला लागलं तशी दिपा गुडघ्यांत डोकं घालून बसली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या डोक्यात मथळाही तयार झाला होता. 'पुण्याच्या आयोजकांकडून तांड्याच्या लेकीवर अन्याय'. पहिल्या पानावर घेतील संपादक. त्यांनी तसं बोलून दाखवलं.

दिपानं डोकं वर केलं. डोळे लाल, पण आवाज कोरडा.

"तसं नका लिवू, ताई. अन्याय कुटं झाला? त्यांनी जा म्हणलं न्हाई, मी चालले. आणि घुगरी त्यांनी न्हाई घातली, मी घातली. तुमी दुसरी बातमी लिवा. त्याच तिसऱ्या पानावर, पयलं व्हतं तेवढंच मोठं, नवं चित्र छापा. लिवा का दिपा प्रेमदास आडे हिनं चूक केली आणि रुख्मिणीबाई आडे हिनं ती दुरुस्त केली. दादीचं नाव पूर्ण लिवा, तिचं नाव कदी छापून आलं न्हाई. आणि ते 'गरीब लेक' तेवढं काढा. एवढं करता का?"