आधी दार, मग भोक

आक्का माझ्याहून मोठी. तिला नेसरीला दिली आणि वर्षाच्या आत तिच्यावर शिक्का बसला की बाई आळशी आहे. घागर आणताना मध्येच टेकते, शेतात तण भांगलायला गेली की बांधावर बसून राहते. मी तोंडानं फटकळ. तिच्याकडं गेले की सासूशी दोन हात करूनच परतायची. आक्का मात्र म्हणायची, "मलाच दम न्हाय तंगी, त्यास्नी कशाला बोलतीस." तंगी म्हणजे धाकटी बहीण; सीमेकडच्या आमच्या घरांत कानडी अशी मुरलेली.

मी लग्न होऊन कोल्हापुरात राजारामपुरीत आले आणि पहिल्या मजल्यावर शिवणाचा क्लास काढला. नव्वदचं दशक असंच गेलं. दोन हजार साल उलटल्यानंतरच्या एका दिवाळीत आक्का आणि दाजी फराळाला आले. जिना चढताना ती अर्ध्यात बसली ती उठेचना. ओठ निळसर पडले होते. माझ्या क्लासच्या मुली मशीन सोडून धावल्या. दाजी म्हणाले, "व्हतंय तिला आसं, बसली की बरी हुती." मी त्यांच्यावर अशी ओरडले की खालचा दुकानदार बाहेर आला. तशीच रिक्षात घालून तिला मागच्या गल्लीतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडं नेली.

डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बराच वेळ बघितलं. मग म्हणाले की हृदयाच्या वरच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला जन्मापासून भोक आहे. शिवाय डाव्या खोलीतून खाली उघडणारं दार, म्हणजे झडप, लहानपणीच्या सांधेतापानं चिकटून अगदी बारीक झालंय.

"एकाच माणसाला दोन्ही?" मी तडकून विचारलं. जसं काही त्यांनीच दिलं होतं.

"क्वचित असतं. पण त्या भोकामुळंच त्या आजवर तगल्या. दारातून न जाणारं रक्त भोकातून पलीकडं निसटत राहिलं, नाहीतर फुप्फुसात तुंबलं असतं."

ज्या दोषानं ती दमत होती त्याच दोषानं तिला जगवलं होतं, आणि आम्ही सगळे तिला आळशी म्हणत होतो. मी म्हणत नव्हते, पण मनात कधीतरी आलं नसेल असं नाही.

छाती उघडून दोन्ही दुरुस्त करता येत होतं, पण फुप्फुसांवर आधीच ताण होता. मोठी शस्त्रक्रिया तिला झेपेल याची खात्री कुणीच देईना. दाजी म्हणाले, "घरी न्हेतो. हाय तंवर हाय." तेव्हा या डॉक्टरांनीच पुण्याहून अधूनमधून कोल्हापूरला येणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून दोन्ही कामं एकाच बैठकीत करू. आधी दार फुग्यानं उघडायचं, मग भोक छत्रीनं, म्हणजे आत गेल्यावर उमलणाऱ्या बुचानं, बुजवायचं.

"उलटं केलं तर?"

"आधी भोक बुजवलं आणि दार उघडलंच नाही, तर फुप्फुस रक्तानं भरेल. दार उघडून भोक तसंच ठेवलं, तर गळती चालू राहील. दोन्ही हवीत, आणि याच क्रमानं."

मी विचारलं, दार फुग्यानं कसं उघडतं? ते म्हणाले, झडपेच्या पाकळ्या त्यांच्या मूळच्या जोडावर चिकटलेल्या असतात. फुगा फुगला की त्या जोडावरच सुटतात. शिवण उसवताना पातं जरा सरकलं तर कापड फाटतं हे मी रोज मुलींना सांगते. इथं कुणाच्या हातात पातं नव्हतं, डोळ्यांसमोर कापड नव्हतं, कापड सारखं हलत होतं, आणि तरी ते शिवणीवरच उसवणार होते. पाकळी फाटली तर मात्र छाती उघडावीच लागणार होती, आणि तेच तर तिला झेपणारं नव्हतं.

पण आधीच घोडं अडलं. घशातून नळी घालून तपासल्यावर डाव्या खोलीच्या कोपऱ्यात गुठळी दिसली. तिथं कानाच्या पाळीसारखा एक छोटा खिसा असतो. ठोके बिघडले की रक्त तिथं साकळतं. नळीचा धक्का लागून गुठळी मेंदूत गेली तर लकवा. हल्ली काही रोग्यांचा तो खिसाही दुसऱ्या एखाद्या दुरुस्तीबरोबर त्याच बैठकीत बुचानं बंद करतात असं ऐकते. तेव्हा आमच्या हातात रक्त पातळ करणारी गोळी आणि वाट बघणं एवढंच होतं. आक्काला मी माझ्याकडंच ठेवून घेतली. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा खिसा रिकामा होता.

तो दिवस आला. सिस्टर म्हणाल्या, अंगावर काही ठेवायचं नाही. आक्कानं मंगळसूत्र, बांगड्या काढून दिल्या. छातीवर, गळ्यातल्या दोऱ्यात, इष्टलिंगाची चांदीची डबी होती. तिला हात लावू देईना.

"ह्ये न्हाय निघायचं. जित्या माणसाच्या अंगावरनं काढत न्हाईत आमच्यात."

"अहो मावशी, डबी बरोबर हृदयावर येते. पडद्यावर काही दिसणारच नाही."

सिस्टरांचं खरं होतं आणि आक्काचंही खरं होतं. भांडायला कुणी सापडेना म्हणून मी दाजींवरच खेकसले. पुण्याचे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी ऐकून घेतलं, पण मार्ग आक्कानंच काढला. तिनं डबी उघडली, आतलं लिंग काढून डाव्या मुठीत घेतलं आणि रिकामी डबी माझ्याकडं दिली.

"ह्या हातात धरतो. चालंल?"

डॉक्टर म्हणाले, "चालेल. फक्त हात हलवायचा नाही."

माझी नजर त्या डाव्या मुठीवरच अडकली. रोजची पूजा आम्ही डाव्या तळहातावरच करतो, हे खरं. पण आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की बसवून माती देतात, आणि तेव्हाही लिंग त्याच डाव्या तळहातावर ठेवतात. अप्पांना, आमच्या वडलांना, तसं बसवलेलं मी पाहिलं होतं. आक्कानंही पाहिलं होतं.

डॉक्टरांनी मला काचेपलीकडच्या खोलीत उभं राहू दिलं. आक्का जागी होती, फक्त मांडी बधिर केली होती. पडद्यावर करड्या रंगात तिचं हृदय हलत होतं. माणसाचं काळीज चालू असताना बघावं आणि ते आपल्या बहिणीचं असावं, याला काय म्हणायचं ते मला आजही कळत नाही. नळी मांडीतून वर आली आणि भिंतीतल्या त्याच भोकातून डावीकडं गेली. मग दारात फुगा फुगला, मध्ये कंबर आवळल्यासारखा. त्या क्षणी रक्ताची वाट फुग्यानंच बंद केलेली असते. यंत्रावरचे आकडे घसरले. मी आक्काच्या हाताकडं बघितलं, तर मूठ सैल झाली. एकेक बोट उघडलं आणि उघड्या तळहातावर लिंग दिसलं.

मी काचेला दोन्ही हात लावून उभी राहिले.

फुग्याची कंबर नाहीशी झाली. फुगा लगेच आक्रसला, आकडे वर चढले आणि बोटं परत मिटली. डॉक्टर माइकवरून म्हणाले, "दार उघडलं." पाकळी फाटली नाही ना, हे त्यांनी निवांतपणे तपासलं. माझ्याच्यानं बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. मग त्याच वाटेनं छत्री आली. तिची एक चकती भिंतीच्या डावीकडं उमलली, दुसरी उजवीकडं. मध्ये भोक दाबलं गेलं. डॉक्टर ज्या वाटेनं आत शिरले, तीच वाट बाहेर पडताना बुजवून आले. टाका नाही, कात्री नाही. मी हात जोडले. कुणाला जोडले, देवाला की डॉक्टरांना, ते तेव्हाही ठरवलं नव्हतं.

वॉर्डात आणल्यावर मी आधी तिला झापलं. "मूठ का सोडलीस? माझा जीव गेला की तिकडं."

"सोडली व्हय?" ती म्हणाली. मग आठवून बोलली, "डोळ्यापुढं अंधार आला. वाटलं, आता गेलोच. म्हटलं बोटं उघडी असूंदेत. अप्पांची वळली हुती, आठवतंय न्हवं? तू सोडवताना किती रडलीस."

तिनं मूठ माझ्यापुढं केली. "आता घाल की डबीत." मी लिंग डबीत ठेवलं आणि दोरा तिच्या गळ्यामागं नेला. उभा जन्म दोऱ्याशी खेळण्यात गेला माझा, पण ती गाठ काही केल्या बसेना. शेवटी पडल्या पडल्या आक्कानंच घातली.