डावी रिकीब दोन भोकं वर

फोन सकाळी आला, चाचांच्या मुलीचा, नसीमचा. "दादा, अब्बा गेले. चहा प्यायले, सुईत दोरा ओवायला घेतला आणि… बसल्या जागी." मी ओट्यावर टेकलो. खरं सांगतो, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, बरं झालं, मी सांगून टाकलं होतं. माणूस गेल्याचं ऐकून सुटल्यासारखं वाटावं याची लाज वाटली, पण वाटलं ते वाटलं. आज सहा आठवडे झाले, अजून तसंच वाटतंय.

युनूसचाचा भिवंडीत खोगिरं शिवायचे. दोन्ही बाजूंना लूमचा खडखडाट आणि मध्ये त्यांचं दुकान, त्यामुळे साधं 'ये, बस'सुद्धा भांडल्यासारखं ओरडून म्हणायचे. मी वज्रेश्वरीजवळच्या गावचा. शेती करतो आणि हौसेखातर एक घोडी पाळतो, चंद्री. पाच वर्षांपूर्वी तिच्या पाठीचं माप सुतळीवर घेऊन मी मोठ्या ऐटीत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सुतळीकडे पाहिलंही नाही.

"घोडी कुठं हाय?"

"गावाला."

"मग काय सुतळीवर बसून फिरणार तू?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः एसटीने आले. चंद्रीच्या पाठीवरून कितीतरी वेळ नुसता तळहात फिरवत राहिले. मग एक जाड तार तिच्या पाठीवर वाकवून आकार घेतला. बरोबर आणलेलं जुनं खोगीर चढवण्याआधी माझ्या बायकोकडून तांदळाचं पीठ मागून घेतलं आणि ते चंद्रीच्या पाठीवर भुरभुरलं. बायकोला वाटलं, ही काहीतरी पूजाच आहे. मला वर बसवून दोन फेऱ्या मारायला लावल्या, खोगीर उतरवून उलटं केलं. जिथे पीठ दाट चिकटलं तिथे दाब जास्त, जिथे चिकटलंच नाही तिथे पोकळी. साधी गोष्ट, पण मी ती तोवर कुणाला करताना पाहिली नव्हती.

डाव्या बाजूला पीठ फार दाट होतं. चाचांनी माझ्या पायांकडे पाहिलं. लहानपणी चिंचेवरून पडलो तेव्हापासून माझा डावा पाय दोन बोटं आखूड आहे, आणि रिकिबीत, म्हणजे पाय अडकवायच्या कडीत, तो पोचावा म्हणून मी त्या बाजूला कलून बसत होतो. त्यांनी डाव्या रिकिबीची वादी तेवढी दोन भोकं वर घेतली. "खोगीर दोघांचं असतं," म्हणाले. "तू वाकडा बसलास तर त्रास तिला."

महिन्याभरात नवं खोगीर आलं, डावी रिकीब तशीच वर, सोबत ताकीद. "पंधरा दिवस थोडंथोडंच फिर. आतली लोकर दबल. मग घेऊन ये, मी भरून देईन. तू हात लावू नको."

आमच्या घरात सबुरीची वाटणी झाली तेव्हा मी बहुतेक बाहेर गेलो होतो. पाचव्या दिवशी नाक्यावरून जाताना कुणीतरी हसलं, "बघा, एक पाय माडीवर, एक पाय तळमजल्यावर!" घरी येऊन मी पहिलं काम काय केलं, तर दोन्ही रिकिबी सारख्या केल्या. साहजिकच मी पुन्हा डावीकडे कलू लागलो आणि खोगीरही कललं. मग डाव्या बाजूच्या गादीची शिवण उसवली, मेहुण्याच्या लूमवरचं वाया गेलेलं सूत आत कोंबलं आणि वरून टाके घातले. घामाने त्या सुताचे गोळे झाले. आठवड्यात चंद्रीच्या पाठीला तळहाताएवढी जखम झाली.

बघायला आलेल्यांनी विचारलं, "खोगीर कुणाचं?" मी म्हणालो, "भिवंडीच्या चाचांचं." खोटं नव्हतं ते… पण त्यापुढे मी गप्प बसलो. गणेशपुरीपासून कोन गावापर्यंतचे घोडेवाले त्यांच्याकडे जायचे कमी झाले. दरम्यान मी शेतावर असताना चाचा एकदा येऊन गेले. बायको म्हणाली, जखम पाहिली, खोगिरावरून हात फिरवला, चहा प्यायले आणि निघाले. एक शब्द बोलले नाहीत. जखम भरली, खोगीर माळ्यावर पडून राहिलं, पण त्या न बोलण्याने चार वर्षं माझी झोप खराब केली.

या दिवाळीनंतर चाचा आजारी असल्याचं कळलं, तेव्हा खोगीर काखोटीला मारून गेलो. ते दुकानातच बसले होते, अर्धे झालेले. मी एका दमात सांगितलं, "चाचा, गादी मी उसवली होती. सूत मी भरलं होतं."

"ठाऊक हाय."

"मग बोललात का नाही? तुमचं नाव खराब झालं!"

ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. लूमच्या आवाजात मला कान पुढे करावा लागला. "रिकिबी सारख्या केलेल्या दिसल्या मला. समजलो. माझ्या नावासाठी तुझ्या पायाची गोष्ट चारचौघांत कशाला काढू रे?"

मी तिथेच रडलो. तेव्हा मात्र ते नेहमीसारखे ओरडले, "रडतोस काय, जा! पीठ लावून घेऊन ये!"

त्यांना प्रवास झेपणारा नव्हता. मी घरी पीठ भुरभुरून फेऱ्या मारल्या आणि खोगीर उलटं मांडीवर धरून एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "काका, भाकऱ्या यावरच थापल्या काय?" चाचांनी ते पीठ चष्मा लावून वाचलं. सुताचे गोळे काढून नवी लोकर भरली, वादी पुन्हा दोन भोकं वर घेतली. पंधरा दिवसांनी, या वेळी अगदी मोजून पंधरा, मी फोन केला.

"घोडी काय बोलली?"

"काहीच नाही, चाचा."

"मग बरोबर हाय."

त्याच आठवड्यात मी घोडेवाल्यांना गाठून माझ्या तोंडाने सगळं सांगितलं, पायासकट. शिव्या खाल्ल्या, त्या पोटभर खाल्ल्या. त्यातले दोघे लगेच चाचांकडे गेले. नसीम म्हणते, शेवटच्या सकाळी दोरा ओवत होते तो त्यातल्याच एकाच्या खोगिरासाठी.

आता ते माझं खोगीर पडवीत खुंटीवर असतं. परवा चंद्रीवरून नाक्यावर गेलो तर एक नवखा पोरगा हसत म्हणाला, "काका, तुमची एक रिकीब वर गेलीय." मी घोडी थांबवली.

"पाय आखूड हाय माझा," मी चाचांसारखंच ओरडून म्हणालो. "मापून बांधलीय ती."