ताटलीची पाठ

भट्टीतून नुकताच बाहेर आलेला लाल रंग काळा दिसतो. अगदी काजळासारखा काळा नव्हे, करपलेल्या काकवीसारखा, जांभळट, उदास. नवख्या माणसाच्या छातीत धस्स व्हावं, महिनाभराच्या मेहनतीवर पाणी पडलं म्हणून त्यानं कपाळाला हात लावावा, असा. पण चिमट्यात धरलेली ती तांब्याची ताटली विटेवर टेकवावी आणि हात मागे बांधून नुसतं उभं राहावं. हळूहळू काठाकडून एक लाली आत सरकू लागते, मध्यावरचा अंधार कणाकणानं विरत जातो आणि ताटली पुरती निवली की त्याच जागी असा काही रसरशीत, तृप्त लाल उमटतो की वाटावं, हा इतका वेळ होता तरी कुठे? अठ्ठावीस वर्षं मी हे पाहते आहे, आणि अजूनही दर वेळी माझ्या छातीत धस्स होतंच.

मी मीनाकाम करते. रंगीत काच कुटायची, तिची पूड पाण्यात धुऊन धुऊन निर्मळ करायची, ती ओलीच तांब्यावर पसरायची, वाळवायची आणि धगधगत्या भट्टीत घालून वितळवायची. एका ताटलीसाठी हे दहा वेळा, कधी पंधरा वेळा. फ्रान्समधल्या लिमोज शहरात हे काम कित्येक शतकं चालत आलं आहे, आणि तिथल्याच एका चढाच्या गल्लीत माझं कामाचं घर आहे. माहेर मात्र निपाणीचं, तंबाखूच्या वखारीला लागून असलेलं. निपाणीची पोर तिथं काय करते, हा प्रश्न दोन्हीकडच्या लोकांना पडतो. निपाणीकरांना लिमोज कुठं आहे ते ठाऊक नसतं आणि लिमोजकरांना निपाणी. मध्ये उभी राहून मी दोघांनाही सांगत असते की तुमच्यात फारसा फरक नाही. दोन्हीकडे माणसं आपापल्या मालावर फार प्रेम करतात.

मालावरचं प्रेम म्हणजे काय, ते मी आप्पांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून शिकले. आप्पा तंबाखूचे व्यापारी. आमची वखार म्हणजे उंच छपराखालचा तपकिरी अंधार. आत पाऊल टाकताच नाकात झोंबणारा आणि पाहुण्यांना हटकून ठसका लावणारा तो उग्र वास आम्हा घरच्यांना मात्र आईच्या पदराइतका सवयीचा होता. शाळेला सुट्टी असली की मी आप्पांच्या स्कूटरवर मागे बसून आजूबाजूच्या गावांत माल बघायला जायची. शेतकरी पोत्यांची तोंडं उघडून ठेवी. वर सोनेरी, खमंग, बघत राहावा असा चुरा. आप्पा त्याच्याकडे ढुंकून पाहत नसत. बाही कोपराच्या वर सारत, हात थेट पोत्याच्या तळापर्यंत खुपसत आणि तिथली मूठ बाहेर काढून अंगठ्यानं चोळत. वरनं समद्यांचाच माल चांगला असतोय, असं ते मला परतीच्या वाटेवर सांगायचे. माल पसंत पडला तर तोंडानं एक शब्द काढायचे नाहीत. पोत्याचं तोंड स्वतःच्या हातानं बांधायचे. नापसंत पोतं तसंच उघडं ठेवून पुढे जायचे. सगळ्या पंचक्रोशीत ही रीत ठाऊक होती, आणि आप्पांच्या हातची गाठ पडली की शेतकऱ्याची बायको आत चहाचं आधण ठेवायची.

मला त्या चुऱ्यातल्या रंगांचं वेड. सोनेरी, तांबूस, करडा, काळपट हिरवा. बेळगावात चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि जवळच्याच मच्छे गावी एका लहानशा कारखान्यात नोकरीला लागले. दारावर लावायच्या नावांच्या आणि नंबरांच्या निळ्या-पांढऱ्या पाट्या तिथं बनत. तिथंच मी पहिली भट्टी पाहिली आणि काच वितळताना पाहिली, आणि खरं सांगते, त्या दिवशी मच्छ्याहून बेळगावला परतताना बस माझ्या उतरायच्या ठिकाणावरून पुढे गेली तरी मला कळलं नाही. पुढे एका शिष्यवृत्तीनं वर्षभरासाठी लिमोजला गेले. वर्षाची अठ्ठावीस वर्षं कशी झाली, ते विचारू नका. आप्पांनी अडवलं नाही, आशीर्वादही तोंडभरून दिला नाही. तिथं तुझ्या कामाची पारख करणारं कोण हाय, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मला तेव्हा त्या प्रश्नाचा राग आला. निपाणीत तरी कोण होतं?

पहिल्या वर्षाच्या अखेरीस मी घरी आले ती एक ताटली घेऊनच. पिवळीधमक शेवंती, निळ्या जमिनीवर. आमच्या शिक्षिका, ज्यांना सगळेच मादाम म्हणत, त्या सुट्टीवर असताना मी ती घाईघाईनं पुरी केली होती. मादामांचा एक नियम होता. ताटलीच्या पुढच्या बाजूला काच चढवण्याआधी पाठीलाही चढवायची. मी म्हटलं, भिंतीवर लागणाऱ्या ताटलीची पाठ कोण बघतंय? दोन दिवस वाचवले आणि पाठीचं तांबं तसंच उघडं ठेवलं.

आप्पांनी ताटली हातात घेतली. त्यांनी शेवंतीकडे पाहिलंच नाही. पोत्यात हात घालावा तसा त्यांनी हात खालून नेला, ताटली उलटी केली, अंगठा फिरवला.

"मागनं उघडीच हाय की गं," ते म्हणाले, आणि ताटली फळीवर ठेवून जेवायला उठले. आमच्याकडे दिवस बुडायच्या आत जेवणं उरकतात, आणि दिवस खरोखरच बुडायला आला होता. पण मला वाटलं, नापसंत पोत्यासारखं मला उघडं ठेवून ते पुढे निघून गेले. मी माडीवर जाऊन पोटभर रडले.

त्या ताटलीची पुढची कथा आईची आहे. उघडं तांबं वर्षभरात काळवंडलं. आईच्या संसारात काळवंडलेल्या तांब्यावर एकच उपाय. दिवाळीच्या घासपुशीत तिनं ताटली चिंच आणि राख लावून घासली, आणि पाठ इतकी लख्ख झाल्यावर पुढची बाजू तरी का सोडावी म्हणून तीही घासली! चिंचेचा आंबटपणा माझ्या त्या नाजूक काचेला बाधला; शेवंती ताकासारखी पांढुरकी झाली. फोनवर आई मोठ्या कौतुकानं सांगत होती की तुझी ताटली बघ, आता देवाच्या तांब्याशेजारी शोभतीय. हसावं की रडावं? मी हसले. आईवर रागावणं मला कधी जमलं नाही. पण तिनंच पुढे सहज सांगितलं की काठाला एक चीर गेली आहे, आणि ती चिंचेनं नव्हे, घासायच्या आधीपासूनची.

चिरेचं कारण मादामांना विचारलं. त्यांनी विचारलं, पाठ केली होतीस? मी मान खाली घातली. मग त्यांनी समजावलं. तांबं आणि काच निवताना सारखी आकसत नाहीत. एकाच बाजूला काच असली की ती ताटलीला आपल्याकडे ओढत राहते, आतल्या आत ताण धरून बसते आणि एखाद्या दिवशी, कुणी हात न लावता, चिरते. पाठीला काच असेल तरच पुढची काच सुखानं राहते. चांगला कारागीर दुसऱ्याची ताटली हातात घेतली की आधी उलटी करून बघतो, असंही त्या म्हणाल्या. सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात ते उगाच नाही. तीच गोष्ट निपाणीतल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं सांगितली तेव्हा मला अपमान वाटला होता, आणि लिमोजच्या बाईंनी सांगितली तेव्हा ज्ञान!

तुम्हाला वाटेल, मग मी लगेच घरी फोन करून कबूल केलं असेल. छे! माणूस इतकं सरळ असतं तर हवं काय होतं? मी मनाशी एक पण केला. जिला आप्पा स्वतःच्या हातानं गाठ मारतील अशी ताटली होईल, तेव्हाच घरी न्यायची. दर वर्षी मी निपाणीला जायची. स्वेटर न्यायची, चॉकलेटं न्यायची, ताटली मात्र नाही. दर वर्षी काही ना काही उणं वाटायचं. कामाला नाव मिळत गेलं, प्रदर्शनं झाली, परक्या लोकांनी माझ्या रंगांपुढे उभं राहून लांबलचक कौतुक केलं. पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिले. पण रंग जमला की प्रत्येक वेळी मनात पहिला विचार यायचा तो आप्पांच्या अंगठ्याचा. आणि आप्पांनीही कधी विचारलं नाही. आम्ही दोघं एकाच मातीचे.

मग आप्पांना काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलंही धुकं झालं. मागच्या वर्षी आई फोनवर म्हणाली की आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतंय. फोन ठेवला आणि मी भट्टीपुढे बसून राहिले. कशाची वाट बघत होते मी इतकी वर्षं? रंग ज्यांना दाखवायचे ते डोळेच विझले, आणि मी आपली उणिवा मोजत बसले होते. असा पश्चात्ताप मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नाही.

तरीही ताटली केली. तीन महिने केली. वखारीपुढचं अंगण, आणि त्यात वाळत घातलेली संकेश्वरी मिरची. काठापासून काठापर्यंत लाल, लालात लाल, आणि एका कोपऱ्यात वखारीच्या दाराचा तपकिरी अंधार. पाठीला, आम्हा मीनाकारांच्या रिवाजाप्रमाणे, वर्षभराच्या कामातून उरलेल्या सगळ्या रंगांचा झाडून गोळा केलेला चुरा चढवला. त्यातून होतो एक ठिपक्याठिपक्यांचा करडा रंग, थेट वखारीतल्या तंबाखूसारखा. ती ताटली पॅरिसच्या एका प्रदर्शनात जायची ठरली होती. मी ती आधी निपाणीला नेली.

माघातली दुपार होती. वखार आता भाड्यानं दिलेली, तिथं मंडपाचं सामान असतं, पण भिंतींनी तो जुना वास अजून सोडलेला नाही. आप्पा पुढच्या सोप्यात उन्हात बसले होते, खांद्यावर पंचा. मी ताटली त्यांच्या हातांत ठेवली. आई दाराशी येऊन उभी राहिली.

त्यांनी हात खालून नेला. ताटली उलटी केली. अंगठा मध्यापासून काठापर्यंत, काठावरून गोल, पुन्हा मध्याशी.

"मागची बाजूबी भरलीयास," ते म्हणाले. "कोण बघतंय ही बाजू?"

"तुमी बघतायसा की, आप्पा."

त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. मग त्यांनी ताटली सुलटी केली आणि म्हणाले, आता सांग. मी त्यांचं बोट धरलं आणि अंगणभर फिरवलं. हे वखारीचं दार, ही पायरी, आणि इथून पुढं सगळ्या मिरच्या. बोट मिरच्यांवर आलं तसे ते थांबले, तोंड फिरवलं आणि पाहुण्यासारखे खोकले. मला क्षणभर तो ठसका खराच वाटला! आई हसत म्हणाली, ह्या माणसाला जन्मात तंबाखूचा ठसका लागला न्हाय आन्‌ लेकीच्या मिरच्यांचा लागला.

मग आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला. मांडीवर पसरला, ताटली मध्ये ठेवली, चारी टोकं वर घेतली. एक पीळ, एक वळसा, आणि वरून खेचलेली ती गाठ, जी बघून शेतकऱ्यांच्या बायका आत आधण ठेवायच्या. तोंडानं त्यांनी एक शब्द काढला नाही. आई आत गेली आणि थोड्या वेळानं चहाचा वास आला. मी तिथंच बसून रडले. या वेळी माडीवर गेले नाही.

ताटली पॅरिसला गेली नाही. आप्पांच्या हातची गाठ पडलेला माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायची रीत आमच्याकडे नाही, असं मी तिथल्या लोकांना कळवलं. त्यांना ते कितपत समजलं, देव जाणे. पंच्यात बांधलेली ती ताटली आप्पांच्या उशाशी असते. कुणी भेटायला आलं की ते गाठोडं त्यांच्या हातात देतात आणि बघू नका, नुसतं चाचपा, असं बजावतात. गाठ अजून कुणी सोडलेली नाही. आईची चिंचही त्यामुळे तिथवर पोहोचत नाही, हा वरचा फायदा.

आज लिमोजच्या या चढाच्या गल्लीत मी पुन्हा भट्टीचं दार उघडलं आहे. नवी ताटली विटेवर टेकवली आहे, काळी, जांभळट, उदास. छातीत नेहमीप्रमाणे धस्स झालं, आणि मग निपाणीला आप्पांच्या उशाशी, पंच्याच्या अंधारात, आता कुणालाच न दिसणारा तो लाल आठवला आणि बरं वाटलं. काठाकडून लाली सरकायला लागली आहे. ती मध्यापर्यंत येईल. मी हात मागे बांधून उभी आहे. ताटली हाती धरण्याइतकी निवली की आधी उलटी करीन आणि अंगठा फिरवीन.